धुतलेली गाडी कोरडी करताना: पुसण्याआधी पाणी उतरवा

प्रश्न विचारणाऱ्यांची गाडी काळी आहे, सात महिन्यांपूर्वी घेतलेली आहे आणि आठवड्यातून एकदा ते ती स्वतः नळीच्या पाण्याने धुतात. धुऊन झाल्यावर शॅमॉयने, म्हणजे मऊ चामड्याच्या कापडाने, ती पुसतात; घाई असली की तशीच उन्हात सोडतात किंवा पाणी उडून जावे म्हणून एक चक्कर मारून आणतात. आता बॉनेटवर आणि टपावर पांढरट गोल डाग दिसू लागले आहेत, उन्हात पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुढे घेताना मागच्या चाकांकडून ‘खट्’ असा आवाज येतो. एवढे सगळे सांगून त्यांनी विचारले आहे, की गाडी पुसायला कोणते कापड घ्यावे.

कापडाचे उत्तर पुढे देतोच, परंतु गाड्यांच्या रंगाची निगा राखण्याचे काम सोळा वर्षे केल्यावर मला खात्रीने सांगता येते, की हा मुळात कापडाचा प्रश्न नाही. उत्तम आणि महाग कापड वापरूनही नेमके असेच डाग पडलेल्या गाड्या माझ्याकडे येत असतात. तुमच्या गाडीचे डाग आणि तिच्यावरच्या रेषा हे दोन वेगळे आजार आहेत. पाणी जागच्या जागी वाळते म्हणून डाग पडतात. पृष्ठभागावर काहीतरी कठीण असताना वरून कापड फिरते म्हणून रेषा पडतात. दोन्हींवरचा उपाय मात्र एकाच दिशेने जातो: कापडाच्या वाट्याला येण्याआधीच जास्तीत जास्त पाणी गाडीवरून उतरले पाहिजे, आणि जे उरेल ते वाऱ्याने किंवा उन्हाने वाळण्याआधी उचलले गेले पाहिजे.

आधी डागांविषयी. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे क्षार विरघळलेले असतात. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. समजा तुमच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे एकूण प्रमाण, लिटरमागे 400 मिलिग्रॅम आहे. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिले आणि ते तसेच वाळले, तर 200 मिलिग्रॅम भुकटी गाडीवरच राहणार. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, कारण ते चिमटीत मावेल एवढेच आहे. पण ती भुकटी सगळीकडे सारखी पसरत नाही, हजारो थेंबांच्या हजारो ठिपक्यांत जमा होते. 0.05 मिलिलिटरच्या एका थेंबामागे 0.02 मिलिग्रॅम क्षार उरतात आणि काळ्या रंगावर तेवढा ठिपका दिसायला पुरेसा असतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही तेवढेच डाग पडतात, ते मालकाला दिसत नाहीत इतकेच.

डाग ठिपक्यासारखा भरीव न दिसता कडेने कडी काढल्यासारखा का दिसतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. सांडलेली कॉफी वाळली की तिच्या कडेला गडद वर्तुळ उमटते, तोच हा प्रकार असून 1997 मध्ये शिकागो विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचे कारण उलगडून दाखवले. थेंबाची कड पृष्ठभागाला धरून बसते, तिथून पाणी लवकर उडते, ती तूट भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहत राहते आणि येताना सोबतचा गाळही कडेला आणून टाकते. शिवाय थेंब जितका फुगीर आणि वेगळा बसतो तितके त्यातले क्षार लहान जागेत एकवटतात आणि डाग ठळक उमटतो. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे मोती उभे राहतात, ते पाहून मालक खूश होतात आणि कोटिंग असल्यामुळे डाग पडणार नाहीत असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात पुसायला उशीर झाला तर त्याच मोत्यांचे सर्वांत रेखीव डाग उमटतात. कोटिंगमुळे पाणी उतरवणे सोपे होते, हे खरे. पण ते उतरवण्याचे काम तुम्हालाच करावे लागते.

थेंब भिंगासारखे काम करून रंग जाळतो, असे पुष्कळदा ऐकायला मिळते. ते मला पटत नाही, कारण थेंब पृष्ठभागाला चिकटून बसलेला असतो आणि किरण एकवटण्याची जागा त्या पृष्ठभागाच्या पलीकडे पडते. उन्हाचा खरा दोष वेगळाच आहे. ऊन पाणी भराभर आटवते, त्यामुळे उरलेल्या थेंबात क्षारांचे आणि हवेतून आलेल्या मळाचे प्रमाण वाढत जाते, आणि तो तीव्र झालेला थेंब तापलेल्या रंगावर बसून राहतो. असे वारंवार होत राहिले, तर वरवरचा डाग पुढे रंगात उतरतो. सावलीत गाडी धुतली म्हणून निर्धास्त राहू नका, कारण कोरडा वारा हेच काम उन्हाइतक्याच वेगाने करू शकतो.

यातले काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मला इथे बसून ठरवता येणार नाही. तुमच्या पाण्यात क्षार किती आहेत, गाडी कुठे उभी करता, हवा किती कोरडी आहे, रंगावर वॅक्स आहे की काही नाही, आणि तुम्हाला एका वेळी एकच बाजू धुता येते की पूर्ण गाडी धुवावी लागते, यावर पुढच्या सूचनांपैकी कोणत्या अत्यावश्यक आणि कोणत्या सोयीनुसार हे ठरते. पाणी तपासणे मात्र सोपे आहे. टीडीएस मोजण्याचे पेनाएवढे उपकरण मिळते. तेही नसेल तर स्वच्छ काचेवर पाण्याचे दोन-चार थेंब टाकून ते वाळू द्या आणि काच काळ्या कागदावर धरून पाहा. तिथे जे दिसेल तेच तुमच्या बॉनेटवर आहे.

आता रेषा. आधुनिक गाडीच्या रंगावर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. बारीक ओरखडे या थरातच पडतात. ते गोल दिसतात म्हणून आपण कापड गोल फिरवल्यामुळे ते पडले, असा समज होतो, पण ते पूर्ण खरे नाही. पृष्ठभागावर सगळ्या दिशांनी गेलेले ओरखडे असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि मिळून जाळ्यासारखे वर्तुळ दिसते. तुम्ही जागा बदलली की ते जाळे तुमच्याबरोबर सरकते. घरी एकदा करून पाहा, म्हणजे लक्षात येईल. असे असले तरी कापड सरळ रेषेत फिरवणे शहाणपणाचेच आहे, कारण एकाच दिशेचे ओरखडे ठराविक कोनातूनच दिसतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या रेषांपैकी बहुतेक पुसताना नव्हे तर धुताना पडलेल्या असतात. एकाच बादलीतले गढूळ पाणी, जमिनीवर पडलेला स्पंज आणि आधी साध्या पाण्याने धूळ न काढताच फिरवलेला हात, ही त्यांची नेहमीची कारणे आहेत. गाडी नीट धुतली गेलेली नसेल तर जगातले कोणतेही कापड तिला सुरक्षितपणे कोरडी करू शकत नाही, कारण त्या अवस्थेत आपण गाडी पुसत नसून ओली धूळ रंगावर घासत असतो. चुकून राहिलेल्या एखाद्या कणाचे काय होते, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे मात्र कापडामुळे फरक पडतो. शॅमॉय सपाट असते. त्याला लव नसल्यामुळे कणाला आत शिरायला जागा मिळत नाही आणि तो चामडे व रंग यांच्यामध्ये दाबला जाऊन शेवटपर्यंत ओढला जातो. रबराच्या किंवा सिलिकॉनच्या पट्टीने पाणी ओढणे हा त्याहून वाईट प्रकार आहे. काचेवर ती पट्टी खुशाल वापरा, रंगावर नको. तिच्या कडेखाली आलेला एकच कण बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढून ठेवतो. अशी रेघ मी माझ्या सुरुवातीच्या काळात एका गडद निळ्या गाडीवर स्वतःच्या हाताने ओढली आहे आणि ती काढायला मला अर्धा दिवस लागला होता.

कोरडे करण्याचे काम धुण्याच्या क्रमापासूनच सुरू होते. चाके आधी धुवा. बरेच जण उलट करतात. आधी अंग धुतात आणि मग ब्रेकची काळी भुकटी काढत चाकांपाशी वीस मिनिटे बसतात, तोपर्यंत टपावरचे पाणी वाळून गेलेले असते. चाके झाल्यावर अंग वरून खाली धुवा, शाम्पूचा फेस कुठेही वाळू देऊ नका, आणि हवा गरम असेल तर धुऊन झालेला भागही अधूनमधून पाणी मारून ओलाच ठेवा. प्रवासातून आलेल्या गाडीचे बॉनेट इंजिनामुळे तापलेले असते. त्यावर हात सहज ठेववेल इतके ते निवल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

यानंतरची पायरी फुकटची आहे, सर्वांत जास्त उपयोगाची आहे आणि नेमकी तीच बहुतेकांकडून राहून जाते. शेवटचे पाणी मारताना नळीचे फवारा देणारे तोंड काढून टाका. फवारा पाण्याचे थेंब करतो, आणि आपल्याला थेंब नको आहेत. नळीतून पाणी जाड धारेत, कमी दाबाने आणि शांतपणे वाहू द्या, नळीचे तोंड टपाच्या मध्यापासून बोटभर उंचीवर धरा आणि हात अगदी सावकाश कडेकडे न्या. पाण्याची एक अखंड चादर तयार होते आणि ती सरकताना आधीच बसलेले थेंब स्वतःत ओढून घेत कडेवरून खाली उतरते. चादरीची मागची कड जिथून सरकते तिथे मागे जवळजवळ कोरडा रंग उघडा पडत जातो. वॅक्स चांगले असेल तर हे डोळ्यांदेखत इतके स्पष्ट दिसते, की नव्या मुलांना शिकवताना मी दुसरे काही न बोलता फक्त हेच करून दाखवतो. टप, काचा, बॉनेट, डिकी आणि मग बाजू असे वरून खाली या. घाई केलीत तर चादर तुटते आणि परत थेंबच उरतात. रंगावर वॅक्स किंवा कोटिंग काहीच शिल्लक नसेल तर चादर नीट सुटणार नाही, पाणी पातळ थराने चिकटून राहील. मग पुसायचे काम वाढेल आणि वॅक्स करायची वेळ झाली आहे हेही त्यातून कळेल.

पाणी फारच क्षारयुक्त असेल तर ही शेवटची चादर वेगळ्या पाण्याची करावी. आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात क्षार बरेच कमी असतात, ऊर्ध्वपातित पाण्यात जवळजवळ नसतात. झारीचे जाळीचे तोंड काढून अशा सात-आठ लिटर पाण्याने टप, बॉनेट आणि डिकी हे आडवे भाग जरी धुऊन घेतले तरी मोठा फरक पडतो, कारण डाग मुख्यतः आडव्या भागांवरच बसतात. आमच्याकडे यासाठी रेझिन भरलेली टाकी असते, ती पाण्यातले क्षार जवळजवळ शून्यावर आणते आणि अशा पाण्याने शेवटी धुतलेली गाडी न पुसता वाळू दिली तरी चालते. घरच्या एका गाडीसाठी तो खर्च करावा असे मी म्हणणार नाही. घरातल्या मृदू केलेल्या पाण्याविषयीही विचारले जाते. मृदू करण्याच्या यंत्रात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येते, क्षार नाहीसे होत नाहीत, त्यामुळे डाग पडतातच. फक्त ते पाण्याने सहज निघतात.

आता कापड. मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल घ्या. यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे धागे चिरून अतिशय बारीक केलेले असतात, बहुधा 80:20 किंवा 70:30 या प्रमाणात, आणि त्या चिरलेल्या धाग्यांमधल्या फटींत पाणी ओढले जाते. गाडी कोरडी करण्यासाठी पीळ दिलेल्या लांब फाशांचा टॉवेल मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो पाणी भरपूर घेतो आणि ओला झाल्यावरही अडखळत नाही; जाळीदार, चौकटी विणीचा पातळ टॉवेल काचांना उत्तम. विक्रेते जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधील वजनाचा, आकडा पुढे करतात. तो जितका मोठा तितके कापड चांगले असे मात्र समजू नका. 60 बाय 90 सेंटीमीटरचा 1000 जीएसएमचा टॉवेल कोरडा असताना 540 ग्रॅमचा असतो आणि त्याने स्वतःच्या दुप्पट वजनाचे पाणी घेतले, की दीड किलोहून जास्त भरतो. असे ओझे दरवाजावरून फिरवताना त्याचे टोक हमखास जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेले कापड त्या दिवसापुरते बाद समजायचे असते. त्यामुळे असा एक जाड टॉवेल आडव्या भागांसाठी आणि एक हलका टॉवेल बाजूंसाठी, अशी जोडी मी सुचवेन. टॉवेलला शिवलेली कडक पट्टी, ज्यावर धुण्याच्या सूचना छापलेल्या असतात, ती पहिल्याच दिवशी कापून टाका आणि नवे कापड वापरण्याआधी एकदा धुऊन घ्या.

पुसायची रीत अशी आहे, की पुसायचे नाही. टॉवेल दोन्ही हातांनी दोन कोपऱ्यांवर धरून बॉनेटवर चादर अंथरावी तसा अंथरा, एक-दोन क्षण तसाच राहू द्या आणि मग दाब न देता स्वतःकडे सावकाश ओढा. टॉवेलचे स्वतःचे वजन पुरेसे असते. एका ओढीत शिल्लक राहिलेला हलका ओलावा तिथेच घासत बसू नका. सगळी गाडी एकदा अशी झाली की दुसऱ्या, कोरड्या टॉवेलने तो हलक्या हाताने टिपता येतो. अगदी कोरडा ठणठणीत टॉवेल पहिल्या ओढीला पाणी पुढे ढकलतो, म्हणून मी त्यावर आधी थोडे पाणी शिंपडून घेतो. ओल्या रंगावर क्विक डिटेलर, म्हणजे रंग सरकता आणि चमकदार करणारा तयार फवारा, किंवा फवारायचे वॅक्स दोन-तीन ठिकाणी मारले तर टॉवेल आणखी सहज सरकतो, आणि हा सरकतेपणाच ओरखड्यांपासून वाचवतो. हे ऐच्छिक आहे. पण काळ्या गाडीवर मी ते कधीच टाळत नाही. रंग मॅट असेल तर मात्र चमक आणणारे काहीही फवारू नका आणि टॉवेल ओढण्याऐवजी फक्त टेकवून पाणी टिपा. गाडीवर संरक्षक फिल्म चिकटवलेली असेल तर तिच्या कडेला टॉवेल अडकून ओढला जाणार नाही, हे पाहा.

सगळी गाडी लख्ख कोरडी केली, आत जाऊन चहा घेतला आणि परत आलात तर आरशाखालून दरवाजावर एक पांढरी ओघळ उतरलेली दिसते. हा अनुभव गाडी धुणाऱ्या प्रत्येकाला येतो. आरशाच्या कवचात, दरवाजाच्या हँडलमागे, इंधनाच्या झाकणाआड, दिव्यांच्या कडांना, नंबरप्लेटच्या मागे, नावाच्या अक्षरांखाली आणि पुढच्या जाळीत पाणी लपून बसते आणि सवडीने बाहेर येते. म्हणून पुसायला सुरुवात करण्यापूर्वी आरसे दोन वेळा मिटून उघडा, खालून हलकेच थोपटा, हँडल ओढून सोडा, इंधनाचे झाकण उघडा आणि दरवाजे एकदा उघडून बंद करा. डिकी एकदम वर उचलू नका, सावकाश उघडा. तिच्या कडेच्या पन्हळीत साचलेले पाणी नाहीतर सरळ आतल्या सामानावर येते. दरवाजांच्या खालच्या कडेला निचऱ्यासाठी लहान भोके असतात. ती चिखलाने बुजली असतील तर पाणी दरवाजाच्या आतच राहते आणि तिथून गंज सुरू होतो. वर्षातून एक-दोनदा प्लास्टिकच्या मऊ काडीने ती मोकळी करावीत.

अशा जागांसाठी ब्लोअर हे सर्वोत्तम साधन आहे. गाडीला स्पर्शच होत नाही, त्यामुळे ओरखड्याचा प्रश्न येत नाही. पाने उडवायचा विजेचा किंवा बॅटरीचा साधा ब्लोअरही चालतो, फक्त त्याची हवा ओढणारी बाजू धुळीच्या जमिनीजवळ नेऊ नका, नाहीतर तीच धूळ वेगाने रंगावर जाईल. विजेच्या तारेचा ब्लोअर ओल्या जमिनीवर वापरताना तार आणि जोडणी पाण्यापासून उंच ठेवा. कॉम्प्रेसरच्या हवेत कधी तेल आणि पाणी येते, त्यामुळे गाळणी नसेल तर तो मी वापरत नाही. हवा गरम असण्याची आवश्यकता नसते. पाणी वाळवायचे नसून ढकलून बाहेर काढायचे असते.

थोडक्यात क्रम असा होतो: चाके, मग अंग, मग पाण्याची चादर, मग फटींतले पाणी हवेने किंवा हलवून बाहेर, त्यानंतर टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाजांचे वरचे भाग आणि सर्वांत शेवटी दरवाजांचा व बंपरचा खालचा पट्टा. दरवाजांच्या आतल्या कडा आणि चाके यांना वेगळे, जुने कापड लावा आणि ते कापड परत कधीही रंगावर आणू नका. तुम्ही जी चक्कर मारून आणता ती वाऱ्याने पाणी उडवते, परंतु सगळे नाही. उरलेले पाणी मागे ओढल्या गेलेल्या रेघांसारखे वाळते आणि ओल्या गाडीवर रस्त्याची धूळही बसते. चक्कर मारायचीच असेल तर पुसून झाल्यावर मारा, आणि परत आल्यावर फटींतून निघालेले थेंब टिपून घ्या.

टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड पाणी घेईनासे होते. सुती कपड्यांबरोबरही धुऊ नका, त्यांचा कचरा मायक्रोफायबरमध्ये अडकून राहतो. पातळ डिटर्जंट, कोमट पाणी आणि सावलीत वाळवणे एवढे पुरे. यंत्रात वाळवायचे असेल तर उष्णता कमीत कमी ठेवा, जास्त उष्णतेने बारीक धाग्यांची टोके कडक होतात. वाळल्यावर ते झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता आधीच पडलेल्या डागांचे काय करायचे. गाडी धुऊन सावलीत, गार पृष्ठभागावर, पांढरे व्हिनेगर आणि ऊर्ध्वपातित पाणी समप्रमाणात घेऊन ते कापडाने एका डागावर मिनिटभर ठेवा, टिपा आणि भरपूर पाण्याने धुऊन शाम्पू लावा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट सौम्य आम्लात विरघळते, त्यामुळे ताजे डाग जातात. हे मिश्रण रंगावर वाळू देऊ नका आणि उघड्या धातूला लावू नका. त्याने वॅक्सही कमी होते, ते नंतर परत लावावे लागेल. डाग गेला नाही तर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटे त्यावरून फिरवा. खरखर लागली तर काहीतरी वर चिकटलेले आहे. त्यात सिलिका असेल तर ते व्हिनेगरला दाद देणार नाही, त्यासाठी डाग काढण्याचे तयार द्रव किंवा डिटेलिंगची क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, वापरावी लागेल. बोटाला गुळगुळीत लागूनही डाग दिसत असेल तर क्लिअरकोटला खड्डा पडला आहे आणि तो पॉलिशनेच जाईल. पॉलिश म्हणजे त्या 40-50 मायक्रॉनमधला थोडा भाग कायमचा काढून टाकणे होय. म्हणून आधी धुण्या-पुसण्याची पद्धत दोन महिने बदलून पाहा आणि मगच रेषा व डाग यांसाठी एकदाच पॉलिश करा. उलट क्रमाने केलेत तर पैसे आणि थर दोन्ही वाया जातील.

राहिला सकाळचा ‘खट्’ आवाज. ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम बिडाच्या लोखंडाचे असतात आणि पाणी लागल्यावर रात्रभरात त्यांच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर येतो. डिस्कवरचा थर पहिल्या काही ब्रेकांतच घासून जातो, त्याची चिंता नको. मात्र ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी रात्रभर उभी केली, की अस्तर आणि ड्रम त्या गंजाने एकमेकांना धरतात आणि सकाळी गाडी हलताना सुटतात, तोच तुमचा आवाज असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. धुऊन-पुसून झाल्यावर मी वर सांगितलेली छोटी चक्कर इथे कामाला येते: कमी वेगात पाच-सहा वेळा ब्रेक हलकेच दाबा, म्हणजे उष्णतेने ते कोरडे होतील. जागा सपाट असेल तर त्या रात्री गाडी गिअरमध्ये, स्वयंचलित असेल तर ‘पी’वर, चाकाला दगड किंवा ठोकळा लावून उभी करा आणि हँडब्रेक ओढू नका, उतार असेल तर मात्र हँडब्रेक ओढलाच पाहिजे, आवाज आला तरी चालेल. ब्रेक कोरडे करूनही तीन-चार आठवडे तसाच आवाज येत राहिला किंवा चाक जड फिरू लागले, तर मागचे ड्रम उघडून पाहायला मेकॅनिककडे गाडी न्या.